शब्दचर्चा: वर्णद्वेष की वंशवाद?

प्रश्न: ब्रिटिश रॉक गिटारवादक एरिक क्लॅप्टनवरचा एक इंग्रजी लेख मराठीत आणते आहे. ५ ऑगस्ट १९७६ ला बर्मिंगहॅमच्या ओडियन नाट्यगृहात, ऐन कार्यक्रमात, दारूच्या अमलाखाली त्याने स्थलांतरितांना विरोध करणारा ब्रिटिश राजकारणी इनॉक पॉवेल याची तळी उचलली. परक्यांना बाहेर काढा, ब्रिटन गोऱ्यांचं राहू द्या, असा एकूण सूर. 'रेसिस्ट'साठी मी 'वर्णद्वेषी वक्तव्य' लिहिलं, संपादकांनी 'वंशवादी' केलं. नेमकं काय लिहावं?

प्रतिसाद: 'वर्णद्वेषी'च ठेवा, ताई. २०२१ च्या सिडनी कसोटीत सिराजला प्रेक्षकांनी शिव्या दिल्या, तेव्हा 'वर्णद्वेषी शेरेबाजी' हेच शब्द वाचले आपण. 'वंश' म्हटलं की आपल्याला वंशाचा दिवा आणि वंशावळच आठवते.

प्रतिसाद: रूढ आहे हे मान्य, पण इथे तो शब्द तोकडा पडतो. द्वेष ही मनातली भावना. क्लॅप्टन तर ब्लूजवर, म्हणजे काळ्या अमेरिकनांच्या संगीतावर वाढलेला. १९७४ मध्ये जमैकाच्या बॉब मार्लीचं गाणं गाऊन अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचलेला. काळ्यांचं संगीत त्याला जीव की प्राण होतं. तरीही, या देशात राहायचं कोणी हे तो माणसाच्या मुळावरून ठरवत होता. प्रेम करूनही हे करता येतं, आणि त्याला 'वंशवाद'च म्हणायला हवं. शिवाय 'वर्ण' शब्दामागे आपल्याकडे चातुर्वर्ण्य उभं असतं. वाचकाचं मन भलतीकडे जातं.

आणखी एक. त्याच्या तोंडी 'वॉग' ही शिवी आहे, तिचं 'काळे' करू नका. 'काळा' हे आपल्याकडे साधं विशेषणही आहे, विठ्ठलालाही लावतो आपण. 'वॉग'मध्ये निव्वळ हिणवणं आहे, आणि ते आशियाई लोकांनाही, म्हणजे तुम्हाआम्हालाही लागू होतं. शब्द तसाच ठेवून पुढे अर्ध्या ओळीत अर्थ द्या.

प्रश्नकर्ती: पटलं. 'वंशवादी' करते, 'वॉग' तसाच. आता रेड सॉन्डर्स आणि मित्रांचं ते जाहीर पत्र, ज्यातून 'रॉक अगेन्स्ट रेसिझम' ही वंशवादविरोधी संगीत चळवळ उभी राहिली. त्यात क्लॅप्टनला सुनावलंय की तुझं निम्मं संगीत काळ्यांचं आहे, रॉकमधला सगळ्यात मोठा 'कॉलनिस्ट' तूच. इथे 'वसाहतवादी'?

प्रतिसाद: 'वसाहतवादी' हे विचारसरणीचं नाव झालं. पत्रातला आरोप कृतीचा आहे: दुसऱ्याच्या जमिनीत जाऊन पीक काढलंस. 'वसाहतदार' करून पाहा.