'गीक'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न :
एका लेखाचा अनुवाद करते आहे. त्यातली प्रोग्रामर बाई स्वतःची ओळख करून देताना अभिमानानं सांगते, 'मी गीक आहे.' 'विक्षिप्त' लिहिलं तर अभिमान जातो, 'संगणकतज्ज्ञ' लिहिलं तर वेड जातं. 'संगणकवेडी' बरा वाटतो, पण कुणी बोलताना वापरलेला कधी ऐकला नाही. काय करू?

प्रतिसाद :
'पुस्तकी किडा' तेवढं लिहू नका. आमच्या होस्टेलवर घासू वेगळा आणि कॉम्प्युटरचा किडा वेगळा. घासूचा वर्गात पहिला नंबर. किड्याचे दोन विषय राहिलेले, पण प्रोजेक्ट अडला की सगळे रात्री त्याच्याच खोलीचं दार वाजवायचे.

प्रतिसाद :
घासू आणि किडा हा भेद अगदी बरोबर. माझ्या मते मराठी शब्द शोधण्याआधी 'गीक'चं मूळ बघायला हवं, कारण त्या वाटेवर आपलाच एक शब्द भेटतो.

लो जर्मन, म्हणजे उत्तर जर्मनीकडची बोली, तिच्यातल्या 'गेक'चा अर्थ खुळा, मूर्ख. डचमध्ये वेड्याला आजही हाच शब्द आहे, उच्चार मात्र 'खेक'च्या जवळ जातो. इंग्रजीत तो जुनाच. शेक्सपिअरच्या 'ट्वेल्थ नाइट' नाटकातला माल्व्होलिओ, आपल्याला 'गेक' बनवलं, अशी तक्रार करतो. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या फिरत्या जत्रांमध्ये 'गीक' नावाचा एक खेळच असायचा. माणूस जिवंत कोंबडीची मान दातांनी तोडायचा आणि लोक पैसे देऊन ते बघायचे. जत्रेतल्या माणसांमध्येही याच्याइतकं खालचं काम दुसरं नव्हतं. हाच शब्द नंतर वर्गातल्या एकलकोंड्या, चष्मा लावणाऱ्या, मशिनमध्ये डोकं घालून बसणाऱ्या मुलांना चिकटला. त्यात किती तिरस्कार भरलेला होता, ते जत्रेतला अर्थ कळल्यावरच लक्षात येतं. आणि 2013 साली कॉलिन्स शब्दकोशानं 'गीक'ला वर्षाचा शब्द ठरवलं! एखाद्या विषयाची मनापासून आवड असलेला, त्यातलं खोलवर जाणणारा, असा चांगला अर्थ तोवर रुळला होता.

याच मुळाचा एक भाऊबंद जर्मनीत कोलोन शहरात आहे, 'येक'. तिथल्या कार्निव्हलमध्ये नाचणारे लोक स्वतःला मोठ्या हौसेनं 'येक' म्हणवून घेतात. म्हणजे खुळ्याचा मान होणं ही काही कॉम्प्युटरवाल्यांची एकट्यांची गोष्ट नाही.

आता आपल्याकडे या. 'खूळ' म्हणजे नको ते वेड : 'हे काय नवीन खूळ डोक्यात शिरलंय?' आणि कोल्हापुरात? 'नादखुळा!' खुळेपणा तोच, पण ही शाबासकी आहे. मिसळ नादखुळा, गाडी नादखुळा, कुस्तीतला डाव नादखुळा. 'गीक'नं जो प्रवास केला तोच.

माझ्या धाकट्या भावाचं सांगते. 1998 साल, आमच्या घरी जुना, दुसऱ्याकडून घेतलेला कॉम्प्युटर. एका संध्याकाळी तो सुरूच होईना, नुसता लांब लांब बीप देत राहिला. भावानं कॅबिनेट उघडलं, रॅमची पट्टी काढली, कंपासमधल्या खोडरबरानं तिचे सोनेरी पाय हळूहळू पुसले, फुंकर मारली आणि पट्टी खाचेत 'टक्' आवाज येईपर्यंत दाबली. स्क्रीन उजळला. वडील दारात उभे होते, म्हणाले, 'याला कॉम्प्युटरचं खूळ लागलंय.' त्यांच्या आवाजात काळजी होती, कारण दहावीचं वर्ष होतं. दोन वर्षांनी गल्लीतले लोक आपापले बंद पडलेले कॉम्प्युटर रिक्षात घालून आणायला लागले, तेव्हा तेच वडील पाहुण्यांना सांगायचे, 'त्याला कॉम्प्युटरचा नाद आहे.' मुलगा तोच, खोडरबरही बहुतेक तेच. 'खूळ'च्या जागी 'नाद' आला आणि घरातली त्याची जागा बदलली. मला तर हा फरक कुठल्याही कोशातल्या अर्थापेक्षा मोठा वाटतो.

प्रतिसाद :
पण ताई, 'नाद' वाईटही असतो. दारूचा नाद, पत्त्यांचा नाद. 'त्याच्या नादी लागू नकोस' यात कौतुक कुठंय?

प्रतिसाद :
खरं आहे, आणि म्हणूनच तो मला जवळचा वाटतो. नाद कशाचा, यावर सगळं ठरतं. बैलगाडा शर्यतीचा नाद म्हटलं की गावात छाती फुगते, दारूचा म्हटलं की मान खाली जाते. 'गीक'मध्येही ही दुहेरी धार अजून शिल्लक आहे. मित्रानं म्हटलं तर कौतुक, वर्गातल्या दांडगट पोरानं म्हटलं तर टोचणी. नुसता गोड शब्द घेतला तर ती धार हरवते.

आणखी एक. इंग्रजीत माणसालाच बिल्ला लावतात : मी गीक. मराठीत आपण 'मला नाद आहे' म्हणतो, 'मला ताप आहे' म्हणतो तसं. तेव्हा नामाला नाम शोधत बसू नका, वाक्यच फिरवा. 'नादखुळी' कोल्हापूर-सांगलीच्या वाचकाला लगेच कळेल, पण नागपूरच्या वाचकाचं काय?

प्रश्नकर्ती :
वाक्य फिरवून पाहिलं. आता ती बाई म्हणते, 'मला लहानपणापासून कॉम्प्युटरचा नाद.' शेवटचा 'आहे' मुद्दाम गाळला, तेव्हा कुठे तिचा आवाज ऐकू आला.