विकराची मात्रा आणि विकराचे काम

जनुकांच्या अभिव्यक्तीची, म्हणजे कोणते जनुक किती चालते याची, आकडेवारी चयापचयाच्या म्हणजे वनस्पतीतील रासायनिक अभिक्रियांच्या जाळ्यात भरली की तिचे संगणकीय प्रारूप पुरेसे होते, असे एक मत आहे; ते मला अर्धेच पटते. विकर (अभिक्रिया घडवून आणणारे प्रथिन, एन्झाइम) किती आहे याचा अंदाज त्यातून येईल, पण ते त्या घटकेला किती काम करते आहे हे कळणार नाही. आपल्याकडची ज्वारीच घ्या. तिच्या पानात कार्बन पकडणाऱ्या पेप कार्बोक्सिलेज या विकराच्या आठव्या स्थानावरील सेरीन या अमिनो आम्लाला उजेडात फॉस्फेट जोडले जाते, त्यामुळे मॅलेट (पुढच्या टप्प्यात तयार होणारे संयुग) त्या विकराला फारसे रोखू शकत नाही, आणि अंधारात ते फॉस्फेट निघून जाते. ज्वारी, मका व ऊस यांच्यासाठी २०१० साली आलेले सी-फोर-जेम हे प्रारूप अभिक्रियांचा ताळेबंद मांडते. फॉस्फेट जोडण्या-निघण्याचा हा बदल त्यात बाहेरून, अभिक्रियेच्या वेगाच्या मर्यादा बदलूनच आणावा लागतो.

त्यासाठी लागणारा पानाचा नमुना मिळवणे हीच खरी अडचण आहे. पान तोडल्यावरही फॉस्फेट काढणारी विकरे थांबत नाहीत, म्हणून ते बांधावरच द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडवावे लागते. अचलपूर तालुक्यात आम्हाला तो गुरांच्या दवाखान्यातून मिळाला, कारण कृत्रिम रेतनाच्या कांड्या त्यातच ठेवतात. (डॉक्टरसाहेबांनी एवढेच विचारले, की ज्वारीला कोणता वळू दाखवायचा आहे.) उन्हातले पान स्वतःची सावली पडू न देता कापावे आणि वेळ तिथेच टिपावी, ती नोंद नसेल, तर दिवसाची आणि रात्रीची मर्यादा वेगळी ठरवायला आधारच उरत नाही.