मदत हवी आहे: एकत्र घर आणि बक्षीसपत्रातली अट

नमस्कार बडोदेकर मंडळी,

दांडिया बाजारात आमचं जुनं घर आहे. खाली आई-बाबा, वर आम्ही दोघं आणि मुलं. दोघंही नोकरीला जातो, पण पाळणाघर कधी शोधावं लागलं नाही. शाळा गुजराती माध्यमाची, तरी धाकटी आजीच्या पाटीवर मराठी मुळाक्षरं गिरवते. बाबांच्या बीपीच्या गोळ्या थोरला रोज सकाळी आठवणीने हातावर ठेवतो. भांड्याला भांडं लागतंच म्हणा, मुख्यतः टीव्हीच्या आवाजावरून!

आता बाबा घर बक्षीसपत्राने माझ्या नावे करायचं म्हणतायत. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ नुसार, देणाऱ्या ज्येष्ठाला सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि तसा सांभाळ झाला नाही, तर न्यायाधिकरण ते हस्तांतरण रद्द ठरवू शकतं. ती अट दस्तात असावीच असं मला वाटतं. बाबा मात्र ‘आपल्यात कशाला?’ म्हणून हसण्यावारी नेतात.

बडोद्यात कुणी अशी अट घालून दस्त केलाय का? मजकूर कसा लिहिलात? आईचा राहण्याचा हक्क वेगळा नोंदवलात का? आणि बाबांना कसं पटवू?