मदत हवी आहे: हुरड्याला आलेल्या जिवलग मित्रांचे आभार कसे मानावेत?

नमस्कार मंडळी,

गेल्या रविवारी बार्शीजवळच्या आमच्या शेतावर महाविद्यालयापासूनचे माझे मित्रमैत्रिणी हुरड्यासाठी जमले होते. पाहुणे म्हणून आलेली ही माणसे घरच्यांसारखी राबली. एक मित्र दिवसभर आगटीपाशी बसून गोवऱ्यांच्या आरावर ज्वारीची कणसे भाजत राहिला, तर बाकीचे ती गरम कणसे हातावर चोळून, लसणाची चटणी, गूळ आणि दही घालून आधी माझ्या आईवडिलांच्या पानात वाढत होते. वडिलांच्या दीर्घ आजारपणानंतर आई इतकी मोकळेपणाने हसताना मी प्रथमच पाहिली, आणि त्याचे मोल मला फार वाटते.

तोंडाने आभार मानले की "परक्यासारखे बोलू नकोस" म्हणून ते रागावतात. त्यामुळे प्रत्येकाला हाताने लिहिलेले पत्र आणि शेतातले काहीतरी पाठवावे, असा विचार आहे. कोवळ्या हुरड्याची गोडी फार टिकत नाही, म्हणून तो वाळवून कुरिअरने पाठवता येईल का, की शेंगदाण्याची चटणी आणि काकवी अधिक योग्य ठरेल? काकवीची बाटली वाटेत सांडू नये म्हणून ती कशी बांधावी? आणि पत्रात आईच्या आनंदाविषयी मोकळेपणाने लिहिले, तर त्यांना अवघडल्यासारखे तर होणार नाही ना? कृपया अनुभवाने सांगावे.