एप्रिलमधल्या बेसबॉलच्या आकड्यांवर किती भरवसा ठेवायचा?

येळ्ळूरचा स्कोअरर

नमस्कार मंडळी. गेली वीस-बावीस वर्षं आमच्या भागातल्या टेनिस बॉल स्पर्धांचा स्कोअर लिहितोय. पोटापाण्याला उद्यमबागेत फौंड्रीत आहे. थोरला भाऊ डेट्रॉइटला असतो, बेसबॉलचं वेड त्यानंच लावलं. तिकडचे संध्याकाळी सातचे सामने आपल्याकडं पहाटे साडेचारला सुरू होतात, म्हणजे पहिल्या शिफ्टला जायच्या आधी चार-पाच डाव बघून होतात.

२००६ च्या एप्रिलमध्ये, हंगाम नुकताच सुरू झाला असताना, भावानं तिकडच्या पेपरातलं एक कात्रण पोस्टानं पाठवलं होतं. डेट्रॉइट टायगर्सच्या ख्रिस शेल्टननं पहिल्या १३ सामन्यांत ९ होमरन (आपल्या षटकारासारखे, चेंडू थेट कुंपणाबाहेर) मारले होते. मी ते वहीच्या पहिल्या पानावर खळीनं चिकटवलं आणि खाली निळ्या पेनानं हिशेब मांडला: याच गतीनं अख्ख्या हंगामाच्या १६२ सामन्यांत ११२. एका हंगामाचा विक्रम आहे ७३ चा, बॅरी बॉन्ड्सचा, २००१ मधला. वर्षअखेर शेल्टनचे झाले १६. जुलै संपता संपता त्याला खालच्या लीगमध्ये धाडलं. संघ मात्र वर्ल्ड सिरीजपर्यंत, म्हणजे विजेतेपदाच्या अंतिम मालिकेपर्यंत गेला.

ते पान अजून आहे, ११२ पण खोडलेला नाही. मी आकडे लिहिणारा माणूस, प्रत्येक आकडा खरा असतो हे मला ठाऊक आहे. मग १३ सामन्यांचा खरा आकडा इतकं चुकीचं का सांगतो? आणि सुरुवातीच्या दिवसांत धरावा असा एखादा आकडा आहे का?

खानापूरकर मास्तर

अण्णा, तुमच्याच वहीच्या भाषेत सांगतो. बॅटर सामन्यात साधारण चार वेळा खेळतो. १२ सामने झाले म्हणजे ४८ वेळा. त्यात १९ हिट, म्हणजे फटका मारून सुखरूप बेसवर पोचणं, असतील तर सरासरी १९ भागिले ४८, ०.३९६, पेपरात मोठा मथळा. आता समजा त्यातल्या तीन हिट म्हणजे शॉर्टस्टॉपच्या (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या फील्डरच्या) डोक्यावरून जेमतेम पलीकडं पडलेले चेंडू. ते झेलले गेले असते तर १६ हिट, ०.३३३. माणूस तोच, बॅट तीच. हंगाम संपताना ५५० वेळा झाल्यावर त्याच तीन हिटांनी सरासरी ०.००५ नं हलते, बस्स. आमच्याकडं वळीव एका शिवारात धो धो पडतो आणि बांधापलीकडं धूळ उडत असते, तसं आहे हे. १९४१ मध्ये टेड विल्यम्सनं ०.४०६ काढली, त्यानंतर अमेरिकन किंवा नॅशनल या तिकडच्या दोन मोठ्या लीगमध्ये ०.४०० वर हंगाम कुणी संपवलेला नाही. २०२३ मध्ये लुइस अराएझ जूनमध्ये ०.४०० च्या घरात होता, शेवटी ०.३५४ वर आला.

धरायचाच तर स्ट्राइकआउटचा, म्हणजे तीन स्ट्राइक होऊन बाद होण्याचा आकडा धरा. शंभरातले किती वेळा स्ट्राइकआउट होतो हे साठेक वेळा खेळला की बऱ्यापैकी कळतं, कारण त्यात झेल घेणाऱ्याचा, वाऱ्याचा, मैदानाच्या आकाराचा संबंध येत नाही. दुसरं म्हणजे चेंडू किती जोरात लागतोय ते. ताशी १५३ किलोमीटरच्या वर गेला की तिकडं त्याला जोरकस फटका मानतात. तो झेलला गेला तरी फटका चांगलाच होता, पण सरासरीत ते कुठं दिसत नाही.

वडगावचा विणकर

मास्तरांचं पटतं, पण संघाच्या बाबतीत सुरुवात अगदीच सोडून देऊ नका. १९८४ मध्ये तुमच्या भावाचे टायगर्स पहिल्या ४० पैकी ३५ जिंकले आणि वर्ल्ड सिरीजही जिंकले. १९८८ मध्ये बाल्टिमोर ओरिओल्स सलग २१ हरले, पहिला विजय थेट २९ एप्रिलला, आणि हंगामात १०७ पराभव. ते दुर्दैव नव्हतं, संघच कमकुवत होता.

उलटही आहे म्हणा. १९८७ मध्ये मिलवॉकी ब्रूअर्स सलग १३ जिंकून सुटले, मे महिन्यात सलग १२ हरले, ९१ विजय मिळवूनही प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामानंतरच्या बादफेरीत जागा नाही. आणि २०१९ चे वॉशिंग्टन नॅशनल्स १९ विजय, ३१ पराभव इथून उठून विजेते झाले. मला त्या संघाचं फार कौतुक आहे.

येळ्ळूरचा स्कोअरर

मास्तर, विणकरदादा, मनापासून आभार. झेलला गेलेला जोरकस फटका ही गोष्ट एकदम डोक्यात बसली. आमच्या मैदानावर लाँग ऑनला चिंचेखाली उभा असलेला पोरगा असे किती झेल घेतो, आणि मी वहीत बॅट्समनच्या नावापुढं नुसता ‘झेल’ लिहून मोकळा होतो.

भावाला रात्री फोन केला. तो म्हणाला, शेल्टनचे पहिले दोन-तीन होमरन त्यानं पाहिले तेव्हा शेजारचे सगळे उभे राहून ओरडत होते, आणि आजही त्याला त्या आठवड्याचं सुख वाटतं. कात्रण काढत नाही. ११२ च्या शेजारी आज १६ लिहिला, आणि उद्या पहाटेच्या सामन्यासाठी स्ट्राइकआउटचा वेगळा रकाना आखून ठेवलाय.