मदत हवी: भरती-ओहोटी वजा केली, तरी वाऱ्याच्या उलट प्रवाह उरतोय

नमस्कार मंडळी,

एमएस्सीच्या प्रकल्पात अडकलोय. रत्नागिरीसमोर साधारण ८० मीटर पाण्यात, तळाशी ठेवलेल्या एडीसीपीचा (ध्वनिलहरींनी प्रवाह मोजणारं यंत्र) डिसेंबर-जानेवारीचा ४५ दिवसांचा डेटा आहे, दर १० मिनिटांनी नोंद. पायथनमध्ये यूटाइड (भरतीचे घटक वेगळे करणारं पॅकेज) चालवून भरती-ओहोटीचा भाग काढला. एम-२ हा चंद्राचा मुख्य घटक (१२.४२ तास) छान बसला, उधाण-भांगाचा पंधरवडाही स्पष्ट दिसतो. उरलेल्यावर ४० तासांचा लो-पास फिल्टर लावला, म्हणजे त्याहून जलद चढउतार गाळले.

घोळ असा की उरलेला प्रवाह बहुतेक दिवस किनारा धरून उत्तरेला जातो, आणि वारा तर उत्तर-वायव्येकडून येतो! गाईड म्हणतात, चिन्ह तपास. तीनदा तपासलं. वाऱ्याची दिशा 'कुठून' आणि प्रवाहाची 'कुठे' हे माहीत आहे (पहिल्या आठवड्यात त्यातच माती खाल्ली होती). आमचे काका मासेमारी करतात. ते म्हणतात, थंडीत पाणी वरच्या अंगाला, म्हणजे उत्तरेला, ओढतं. पण काकांना संदर्भसूचीत कसं घालू?

शिवाय के-१ (भरतीचा साधारण दिवसातून एकदा येणारा घटक) मध्ये रोजचा खारा वारा मिसळलाय का, हे कसं कळेल?

प्रतिसाद १
काका बरोबर आहेत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पश्चिम किनारी प्रवाह वाऱ्याविरुद्ध उत्तरेला वाहतो, पावसाळ्यात दक्षिणेला. बंगालच्या उपसागरातून श्रीलंकेला वळसा घालून येणाऱ्या केल्विन लहरींचा (किनारा धरून सरकणाऱ्या लांब लहरी) त्यात मोठा वाटा आहे. म्हणून नुसत्या रत्नागिरीच्या वाऱ्याशी सहसंबंध काढू नकोस. केरळ-कन्याकुमारीकडचा वारा घे आणि काही दिवसांचा लॅग (उशीर) देऊन बघ. इरा-५ या हवामानाच्या डेटासंचात तासागणिक मिळेल.

के-१चं म्हणशील तर ४५ दिवसांत ते सुटणार नाही. के-१ला अगदी लागून असलेला पी-१ हा भरतीचा घटक वेगळा करायलाच १८३ दिवस लागतात, वाऱ्याचा एस-१ (नेमका २४ तासांचा घटक) वेगळा करायला वर्ष.

प्रतिसाद २
फिल्टरकडे कुणी बघितलंच नाही. ४० तास हा आकडा वरच्या अक्षांशांवरच्या पुस्तकांतला. १७ अंशांवर जडत्वीय आवर्तनकाळच (पृथ्वीच्या फिरण्यामुळे पाणी गोल फिरायला लागणारा वेळ) सुमारे ४१ तास, म्हणजे तू नेमका त्याच्या मधोमध कापतोयस. ७० तासांवर ने. आधी रोटरी स्पेक्ट्रम (कुठल्या आवर्तनकाळाला, कुठल्या दिशेने फिरणारी किती ऊर्जा आहे ते) काढ. ४१ तासांजवळ घड्याळाच्या दिशेने फिरणारी ऊर्जा दिसली तर तेच. आणि क्षारतेचा डेटा आहे का? उपसागराचं पाणी कमी खारट असतं, तो पुरावा गाईडना पटेल.

धागाकर्ता
७० तासांचा लावला. दोन-दोन दिवसांचे हेलकावे गेले, उत्तरेचा प्रवाह तसाच राहिला. क्षारतामापक होता, पण त्यावर शेवाळ-शिंपले चढले. १८व्या दिवसानंतर नोंदी घसरत गेल्यात. तेवढ्या १८ दिवसांवर काही म्हणता येईल का?