डीसी मोटर चालू आहे की जाम, करंटवरून कसं ओळखायचं?

प्रश्न:
१२ व्होल्टची ब्रशवाली मोटर आर्डुइनो उनो (मायक्रोकंट्रोलर बोर्ड) आणि मॉस्फेटने (इलेक्ट्रॉनिक स्विच) पीडब्ल्यूएमवर, म्हणजे सप्लाय झपाट्याने चालू-बंद करून, चालवतो आहे. चालताना २ अँपिअर घेते, जाम झाली की १०. सप्लायच्या वायरीत करंट मोजणारं २० अँपिअरचं एसीएस७१२ मॉड्यूल लावलंय, पण रीडिंग सारखं उड्या मारतं.

उत्तर १:
मारणारच. मॉड्यूल अँपिअरमागे १०० मिलिव्होल्ट देतं आणि उनोचा एक काउंट (रीडिंगची सर्वात लहान पायरी) ४.९ मिलिव्होल्टचा, म्हणजे २ अँपिअरला जेमतेम ४१ काउंट. त्यात एक रीडिंग पल्स चालू असताना पडतं, दुसरं बंद असताना. आउटपुट १ किलोओहममधून अॅनालॉग पिनला द्या आणि त्या पिनपासून ग्राउंडला १० मायक्रोफॅरड लावा. ब्रशच्या ठिणग्यांसाठी ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक थेट मोटरच्या टर्मिनलवर, पाय आखूड ठेवून. शून्य करंटचं रीडिंग मोटर बंद असताना घ्या, मधला काउंट ५१२ गृहीत धरू नका.

उत्तर २:
फिल्टर हवाच, पण खरी चूक सेन्सरच्या जागेत आहे. मॉस्फेट बंद झाला की मोटरचा करंट फ्रीव्हील डायोडमधून (मोटरला समांतर लावलेला डायोड) फिरत राहतो, सप्लायच्या वायरीत येतच नाही. ३० टक्के पीडब्ल्यूएमला मोटर जाम झाली तर तिच्यातून सुमारे ३ अँपिअर वाहतील आणि सप्लायला सरासरी ०.९ दिसतील. चालत्या मोटरपेक्षाही कमी! सेन्सर मोटरच्या सिरीजमध्ये, डायोडच्या लूपच्या आत घ्या. एसीएस७१२ आयसोलेटेड आहे (करंटची वाट आणि आउटपुट विद्युतदृष्ट्या वेगळे), त्यामुळे अडचण नाही.

जामची मर्यादाही पीडब्ल्यूएमप्रमाणे बदलावी लागते: पूर्ण वेगाला ६ अँपिअर चालेल, ३० टक्क्यांना अडीच. सुरू होताना मोटर जामइतकाच करंट ओढते, म्हणून पहिले ३०० मिलिसेकंद तपासणी नको.

प्रश्नकर्ता:
त्याऐवजी शंट (करंट मोजायचा अगदी लहान रेझिस्टर) आणि एलएम३५८ (ऑपॅम्प)?

उत्तर २:
१० मिलिओहमच्या शंटवर २ अँपिअरला २० मिलिव्होल्टच मिळतात आणि एलएम३५८चा ऑफसेट (इनपुटमधली मूळची चूक) ७ मिलिव्होल्टपर्यंत असू शकतो. शिवाय १ चौरस मिमीची १० सेंमी तांब्याची वायर स्वतःच १.७ मिलिओहम, त्यामुळे सेन्सच्या वायरी शंटच्या पायांवरूनच घ्याव्या लागतात. ब्रेडबोर्डवर तर नकोच.

उत्तर ३:
पीडब्ल्यूएम नसेल आणि फक्त करंट आहे की नाही एवढंच हवं असेल, तर रीड स्विचवर (चुंबकीय क्षेत्राने पत्त्या जुळणारा स्विच) मोटरच्या वायरीचे १५ वेढे घ्या. २ अँपिअरला ३० अँपिअर-टर्न (करंट गुणिले वेढे) होतात, बहुतेक छोटे रीड त्यावर ओढले जातात. जाम मात्र यातून कळत नाही.